चवनिसांच्या जिभेवरचा पाला

आमच्या ह्यांची जीभ कंपनीच्या मालकीची होती. उरलेला माणूस माझ्या वाट्याला आला, आणि त्यातले गुडघे आधीच गेलेले होते.

बिस्किटांच्या कारखान्यात हे चव घ्यायच्या कामावर होते. असंही काम असतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. माझ्या सख्ख्या भावाचा अजून बसलेला नाही. तो म्हणतो, दाजी भट्टीवर असणार, लाजेखातर सांगत नाहीत. तर असं काम असतं, आणि ते भट्टीवरच्या कामापेक्षा कठीण असतं. नवा घाणा निघाला की पहिलं बिस्किट ह्यांच्या टेबलावर यायचं. टेबलावर पांढरं कापड, कोमट पाण्याचा पेला, थुंकायला एक भांडं. हे तुकडा तोंडात घ्यायचे, डोळे मिटायचे, तोंड छताकडे करून बसायचे. सगळे ह्यांच्या हनुवटीकडे बघत उभे. मग हे म्हणायचे, "जाऊ द्या." तसं म्हणाले की माल बाजारात निघायचा. "थांबा" म्हणाले की अख्खा कारखाना थांबायचा. घरात ह्यांच्या "थांबा"ला कुणी विचारत नव्हतं, ते मीच चालू दिलं नव्हतं, पण तिकडे मान होता. कारखान्यात ह्यांना चवनीस म्हणत. मी चौथीपर्यंत शिकले. पण चवनिसांच्या घरची म्हणून शिकल्यासवरल्या बायका मला जिन्यात थांबवून विचारायच्या, "काकू, या महिन्यात कुठलं बिस्किट चांगलं निघालंय?" मी लगेच सांगत नसे. थोडा विचार केल्यासारखं करून सांगत असे.

हे सगळं एका डॉक्टरच्या एका शब्दामुळे गेलं, असं मी म्हणते. घरातले दुसरं म्हणतात.

कारखान्याची दरवर्षी तपासणी असते. डॉक्टर ह्यांना म्हणाले, "साखर काठावर आलीय. औषध नको इतक्यात. चाला, खाणं जपा, पुढच्या तपासणीपर्यंत बघू." एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण पुढे म्हणाले, "ओलांडली तर मात्र टेबलावर बसू देता येणार नाही, चवनीस." ह्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्यानंतरही टेबलावर ठेवून घ्यायचं साहेबांनी कबूल केलं होतं, फक्त त्या तपासणीत पास व्हायला हवं होतं. टेबलाशिवाय हा माणूस घरात बसून काय करील, ही काळजी मला ह्यांच्या आधी लागली. हे नुसते म्हणाले, "बघू म्हणालेत ना. बघू."

दूध उतू जायला लागल्यावर बघू म्हणत उभी राहणारी बाई मी नाही.

बरं, गोळ्या तर दिल्या नव्हत्या. मग उरतं काय? झाडपाला. झाडपाल्याचं एक बरं असतं, त्याची सगळ्यांना माहिती असते. पोट दुखलं तर लोक डॉक्टरकडे जा म्हणतात, पण साखर म्हटलं की जिन्यातला प्रत्येक माणूस थांबतो आणि वैद्य होतो. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, "नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?" विंचूही नैसर्गिकच असतो, पण हे तेव्हा कुणी बोललं नाही. मीही नाही.

पहिली आली समोरच्या दारातली योगवाली. हिच्या फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तू कमी आणि बाटल्या जास्त. म्हणाली, "काकू, मेथ्या. रात्री भिजवायच्या, सकाळी काकांना चावून खायला लावायच्या. माझ्या दिराची साखर पळाली."

"कुठे पळाली?"

"पळाली म्हणजे उतरली हो."

मेथ्या सुरू केल्या. आठवडा गेला नाही तोच कारखान्यात गोंधळ. ह्यांच्या घामाला मेथीचा वास येऊ लागला, पाक करपतो तसा. भट्टीवाल्यांना वाटलं कुठेतरी पाक करपतोय. त्यांनी भट्ट्या विझवल्या, नळ्या तपासल्या, शेवटी वास घेत घेत चार माणसं ह्यांच्या काखेपाशी येऊन थांबली. हे त्या दिवशी घरी येऊन नुसतं म्हणाले, "मेथ्या बंद." मी बंद केल्या. ऐकत नाही असं नाही.

मग वरच्या मजल्यावरचे तपासनीस. ते कुठल्याशा खात्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले, आणि खात्याने सोडलं तरी त्यांनी तपासणी सोडली नाही. आमच्या इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी तेच. ते म्हणाले, "वहिनी, साखर ताणाने वाढते. अश्वगंधा द्या. ताण उतरेल." दिली. ताण उतरला, पण बसमधून उतरायचं हे विसरले. झोपून गेले ते थेट आगारात. कंडक्टरने उठवलं तर अर्धवट झोपेत म्हणाले, "जाऊ द्या." कंडक्टरने जाऊ दिलं, म्हणजे बस धुवायला गेली, हे आत.

तिसरी आमची सूनबाई. ती ऑफिसात बसून फोनवरून सगळं मागवते, मुलाच्या चपलेपासून सासऱ्याच्या तब्येतीपर्यंत. तिने दालचिनीच्या आणि कारल्याच्या कॅप्सूल मागवल्या. डबीवर हिरवं पान काढलेलं. मी म्हटलं, पान काढलं की आतला चुनासुद्धा झाड होतो.

"आई, हे प्रमाणित आहे."

"कशावरून?"

"लिहिलंय ना."

"लिहायला काय, मीही लिहीन. चौथीपर्यंत तेवढंच शिकवतात."

पण माझी खरी हरकत वेगळी होती, ती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. औषध जिभेला कळलं पाहिजे, असं माझं मत. जिभेला कळलं की ती पोटाला सांगते आणि पोट तयार राहतं. कॅप्सूल म्हणजे जिभेला चुकवून मागच्या दाराने घरात शिरलेला पाहुणा. त्याला कोण विचारतं? सूनबाई हसली. मुलगाही हसला. हे हसले नाहीत. जिभेचा मान राखणारं बोलणं ह्यांना आवडलं असावं. त्याचं मला आता जास्त वाईट वाटतं.

मग मी स्वतःच काष्ठौषधीच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे नुसते खण, छतापर्यंत, आणि मालक शिडीवर. हा माणूस शिडीवरून खाली यायचा कंटाळा करतो, त्यामुळे ज्या खणाजवळ असेल त्यातलंच औषध सगळ्या रोगांवर सांगतो. मी साखर म्हटलं तेव्हा नेमका योग्य खणापाशी होता, हे आमचं दुर्दैव. खाली आला आणि वाळकी पानं माझ्यापुढे ओतली. "गुडमार. वेल असतो. साखरेचा वैरी. कुटून ठेवा, पाण्याबरोबर गिळून टाकायचं. चघळत बसू नका."

"का?"

"नका, एवढंच."

का ते सांगता येत नाही त्या माणसाचं मी कधी ऐकलेलं नाही. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा पाला चावून चावून खायचा. मेथीसारखा वास नाही, झोप नाही, काही नाही. कारखान्याच्या अलीकडे उतरून चालत जाताच आहात, पोचलात की चघळायचा, वर कोमट पाणी. चालून आल्यावर अंगाला लागतो, योगवाली म्हणते."

"तिकडे नको," हे म्हणाले. "घरीच घेतो."

"घरी घेतलात आणि बसमध्ये ढवळलं तर? मागे मेथ्यांनी ढवळलंच होतं. तिकडेच घ्या. पाला आहे, दारू नव्हे."

ह्यांनी एक पान उचलून उजेडात धरलं. मग म्हणाले, "बरं." ह्यांचा "बरं" म्हणजे वाद संपला, असं मी समजत आले. त्यात दुसरं काही असू शकतं, हे मला उशिरा कळलं. मी स्टीलच्या डबीत पानं भरून दिली आणि रोज संध्याकाळी दारातच विचारू लागले, "चघळलंत?" हे चपला काढता काढता म्हणायचे, "चघळलं."

दुकानातली पानं मला धुळकट वाटायची. म्हणून रोपवाटिकेतून वेलच आणला आणि गॅलरीत कुंडीत लावला. झाडाला माझा हात मानवतो. वेल असा सुटला की बघता बघता कपड्यांची दोरी धरून वर गेला, आणि एके दिवशी तपासनिसांच्या वाळत घातलेल्या पँटच्या एका पायातून आत शिरून दुसऱ्या पायातून बाहेर आला. तपासनीस पँट हातात धरून खाली आले. वेल पँटमध्येच.

"वहिनी, गॅलरीत कुंडीला परवानगी आहे. वेलाला नाही."

"का म्हणून?"

"कुंडी जागेवर राहते. वेल मजला बदलतो. दोन मजल्यांवर असलेल्या वस्तूला दोन्ही मजल्यांची लेखी संमती आणि कमिटीचा ठराव लागतो."

"मग तुमच्या घोरण्यालाही लागत असेल. ते रोज रात्री खाली उतरतं."

झालं. कमिटीची सभा भरली. वेलाची जात काय, मुळं भिंतीत जातात का, वरच्या मजल्यावरची पानं खालच्यांची की वरच्यांची, यावर मोठी माणसं भांडली. एकाने विचारलं की वेल अजून वर, गच्चीपर्यंत गेला तर तो सार्वजनिक होईल का. मी पदर खोचून बसले होते. शेवटी तपासनीस म्हणाले, माझ्या खिडकीवर येणारी पानं मला मिळावीत, तर मी संमती देतो. त्यांचीही साखर काठावर होती, हे त्यांनी आजवर लपवलं होतं. मग सभेतच कळलं की निम्म्या इमारतीची साखर काठावर आहे आणि उरलेली निम्मी तपासायला घाबरते. ठराव झाला. त्या दिवसापासून माझ्या गॅलरीसमोर सकाळी रांग लागू लागली. मी पानं मोजून देत नसे, पण कोण कसं मागतं त्यावरून लहान-मोठी देत असे. खोटं कशाला सांगू, ते दिवस मला आवडले होते.

आणि गुण येत होता, असं सगळेच म्हणत होते. योगवाली सांगत आली, "काकू, सकाळचं मधाचं पाणी मला पाण्यासारखं लागतं. साखर शरीराबाहेर चाललीय बघा." तपासनीस बायकोशी भांडू लागले की चहात साखर का घालत नाहीस. ती म्हणे घातलीय, ते म्हणत दाखव. मग तेच मला म्हणाले, "वहिनी, गोडावरची वासना मेली. हाच तर गुण." मी मान डोलावली. एवढी सगळी माणसं, त्यांतली निम्मी पदवी घेतलेली. एकालाही वाटलं नाही की जीभ बधिर झाली असेल. मला नाही वाटलं ते सोडा, मी तो पाला तोंडात घातलाच नव्हता. मला कुठे साखरेचा त्रास होता?

तिकडे कारखान्यात काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

दुकानातल्या वाळक्या पानांत जोर नसावा; ताजी पानं सुरू झाली आणि तेव्हाच नव्या बिस्किटाचा पहिला घाणा निघाला. मोठी जाहिरात झालेली, दुकानदार वाट बघत होते. हे पाला चघळून, खळखळून चूळ भरून टेबलावर बसले. मीठ बरोबर लागलं. लोणी बरोबर, भाजणी बरोबर, फक्त गोडी नाही. बाकी सगळं नेमकं लागतंय म्हटल्यावर स्वतःच्या जिभेवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. म्हणाले, "थांबा. फिकं आहे. साखर वाढवा." वाढवली. पुन्हा फिकं, पुन्हा वाढवली. ह्यांच्या हाताखाली एक मदतनीस बाई होत्या, माझ्याहून थोड्या लहान, शांत. त्या म्हणाल्या, "साहेब, मला चांगलंच गोड लागतंय."

हे म्हणाले, "बाई, सकाळी काय खाऊन आलात?"

त्या मागे सरकल्या. साखर तिसऱ्यांदा वाढली, आणि हे म्हणाले, "जाऊ द्या."

साखर जास्त झाली की बिस्किट आपल्या जागेवर राहत नाही, पसरतं. पसरलेली बिस्किटं एकमेकांना चिकटली, मग पट्ट्याला चिकटली, मग भट्टीत करपून काळी झाली. धूर झाला, पट्टा अडकला, कामगार सुऱ्या घेऊन पट्टा खरवडत बसले. त्यातूनही जो माल निघाला तो दुकानांत गेला आणि आल्या पावली परत आला. गोदामात मुंग्या लागल्या. मुंग्या म्हणजे किती, तर लोक म्हणत की पुठ्ठ्याची खोकी आपोआप सरकताना दिसतात. साहेबांनी विचारलं, हा माल कुणी पास केला? आणि ज्या माणसाकडे आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं, त्याच्याकडे सगळ्यांनी बघितलं.

हे घरी आले. मी दारात विचारलं, "चघळलंत?" हे म्हणाले, "चघळलं."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर हे साखरेचा डबा उघडून उभे. चमचा साखर तोंडात, डोळे मिटलेले, तोंड छताकडे. साखर काठावर असलेला माणूस, ज्याच्यासाठी मी अख्ख्या कमिटीशी भांडले, तो असा. मी हातातला चमचा काढून घेतला. वर म्हटलं, "लाज कशी वाटत नाही? मी इकडे पानापानासाठी जीव टाकतेय."

विचारायला हवं होतं, अहो, काय झालं? तेवढंच विचारायचं होतं. मी चमचा धुऊन जागेवर ठेवला.

डब्याचं झाकण लावून हे म्हणाले, "घरी गोड लागतं. तिकडे लागत नाही."

"म्हणजे?"

"माझी जीभ गेली." आणि तळहाताकडे बघत बसले, जणू जीभ तिथे पडली होती.

मग सगळं सांगितलं. साहेबांनी बोलावलं होतं. डॉक्टर असणार, चौकशी होणार, टेबलाचा काय तो निर्णय होणार. मी रात्रभर तळमळले. माझ्या घरच्या माणसाच्या जिभेवर शंका? सकाळी हे निघाले तशी मीही निघाले. म्हणाले, "तू कशाला?" मी म्हटलं, "चौकशीच्या भरात पाला बंद पडायला नको. डॉक्टरांना सांगते की साखरेची काळजी मी घेतेय, तेवढ्यावर तरी टेबल राहील." पिशवीत ताजी पानं घेतली, धुऊन पुसून, माणसं आहेत म्हणून जरा जास्तच.

फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. "बाई, काम काय?"

"चवनिसांच्या जिभेचं काम आहे."

त्याने बराच विचार केला. "खासगी की कंपनीचं?"

"जीभ कंपनीची आहे, माणूस माझा आहे. तुम्हीच ठरवा."

त्याने आत फोन केला, आतून दुसरीकडे फोन गेला, आणि शेवटी मला छातीवर लावायला एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर "पाहुणे" लिहिलं होतं. आयुष्य त्या कारखान्याच्या बिस्किटांवर काढलं, आणि मी पाहुणे.

आत मोठे साहेब, डॉक्टर आणि त्या मदतनीस बाई बसल्या होत्या. हे खुर्चीच्या टोकावर. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला सांगितली, बघितली, चिमट्याने दाबली. मग विचारलं, "चवनीस, काही औषध चालू आहे का?"

ह्यांच्या आधी मी म्हटलं, "औषध नाही. पाला." आणि पिशवी टेबलावर ठेवली. "साखर ह्याच्यामुळेच आवरलीय. आमची निम्मी इमारत घेते."

डॉक्टरांनी एक पान हुंगलं.

"हुंगून काय कळणार? चघळा की. हे एवढंसं पान, तुम्ही एवढे मोठे डॉक्टर."

मोठ्या साहेबांनी आधी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "साखरेवर खरंच गुण येतो?" काठावर आणखी एक. त्यांनी दोन पानं तोंडात टाकली. साहेबांनी टाकली म्हणून डॉक्टरांनीही टाकली. मदतनीस बाईंना दिली तर म्हणाल्या, "मला आज टेबलावर बसायचंय, नको." मला राग आला. म्हटलं, टेबलावर डोळा आहे बाईचा.

दोघे तोंड वाकडं करून चघळत होते तेवढ्यात चहा आणि नव्या घाण्याची बिस्किटं आली. साहेबांनी घोट घेतला आणि चहावाल्याला थांबवलं. "साखर विसरलास?" त्याने घातली. पुन्हा घोट. "अरे, घाल म्हटलं ना." डॉक्टरही म्हणाले, "माझ्यातही नाही." चहावाला घाबरून चमच्यावर चमचे ओतत होता. मग साहेबांनी बिस्किट चावलं, थांबले, आणि म्हणाले, "ही वाळू आहे."

मदतनीस बाईंनी स्वतःच्या कपातला चहा चाखला आणि हलकेच म्हणाल्या, "साहेब, मला तर चहा गोड लागतोय."

सगळ्यांच्या आधी ह्यांना कळलं. ह्यांनी पिशवीतल्या पानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

डॉक्टरांनी साखरेचा खडा उचलून जिभेवर ठेवला, वाट बघितली, आणि हसायलाच लागले. "गोडीच मारतो हा पाला. थोडा वेळ टिकत असेल, घरी पोचेपर्यंत जात असेल." साहेबही हसले. चहावालाही हसला, त्याची सुटका झाली होती. साहेब म्हणाले, "म्हणजे जीभ शाबूत आहे. चवनीस, पाला बंद करा आणि उद्या टेबलावर या. झालं गेलं विसरा."

मी पदर सावरला. म्हटलं, बघा, माझ्या पाल्यानेच माझ्या माणसाला सोडवलं. तेवढा एक क्षण मला मिळाला.

हे उठून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, टेबलाच्या वर भिंतीवर पाटी आहे. बसण्याआधी तोंडात काही घालायचं नाही. ती मी लावलीय. तोंडात खोकल्याची गोळी होती म्हणून एका चांगल्या माणसाला मी भट्टीवर पाठवलं. तो अजून तिथेच आहे. रोज भेटतो."

"अहो, पण तुम्हाला कुठे माहीत होतं पाल्याचं?"

"त्यालाही गोळीने चव बदलते हे माहीत नव्हतं."

साहेबांचं हसू गेलं. म्हणाले, "नियम तुमचाच, तर मग इथे येऊन चघळायचा कशाला? टाकून द्यायचा होता."

हे म्हणाले, "घरी ही रोज विचारते, चघळलंत का म्हणून. मला खोटं सांगता येत नाही."

कुणावर ठपका ठेवायचा म्हणून बोलले नाहीत. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं सांगितलं. मला उत्तरं सुचतात, समोरचा बोलायच्या आत सुचतात, हे जिन्यातल्या कुणालाही विचारा. त्या खोलीत एकही सुचलं नाही. मी छातीवरची चिठ्ठी सोलत बसले.

साहेबांनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. हे ऐकेनात. त्याच दिवशी टेबल मदतनीस बाईंना मिळालं. हे त्यांना एवढंच म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं ते चुकलं." बाई रडल्या. टेबलावर डोळा असलेली माणसं असं रडत नाहीत, हे मलाही कळतं.

वेल मी काढला नाही, कमिटीने काढला. तपासनिसांनी संमती मागे घेतली आणि पँटची भरपाई काय, यावर सभेत बराच वेळ घेतला. योगवाली आता कसल्याशा बिया पाण्यात फुगवून देते आणि मलाही आग्रह करते. सूनबाई मला एका शब्दाने बोलली नाही. तिचं तेवढं चुकलंच, बोलली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. पुढच्या तपासणीत ह्यांची साखर अगदी खाली आली. येणारच, बिस्किटं सुटली होती. डॉक्टर म्हणाले, टेबलावर बसायला काहीच हरकत नाही. हे हसून म्हणाले, "वा." एवढंच.

आता हे संध्याकाळी फिरायला जातात. परवा परत यायला उशीर केला. चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. कारखान्याकडे गेला होतात का, आत गेलात का, त्या बाईंनी बसा म्हटलं का, वाईट वाटतं का, माझा राग येतो का, असे सगळे प्रश्न माझ्या ओठांवर रांग लावून उभे होते. एरवी मी ते एका दमात विचारले असते, आणि उत्तर यायच्या आत त्यावर बोललेही असते. पण ह्या माणसाला खोटं सांगता येत नाही. विचारलं तर खरं ऐकावं लागेल.

मी म्हटलं, "बाहेर गार आहे का?"

"आहे थोडं," हे म्हणाले.

मी उठून खिडकी लावली.